चिमणीचे दार

कावळ्या-चिमणीची गोष्ट आपणा सर्वांना पाठ आहे. कावळ्याने घर शेणाचे बांधले, चिमणीने मेणाचे. पाऊस आला आणि शेणाचे घर वाहून गेले. कावळा भिजत भिजत चिमणीच्या दारी आला, तर ही आपली आत बाळाला न्हाऊ घालते, पुसते, काजळ लावते, झोपवते. दार काही लवकर उघडत नाही. माझ्या आजीला ही गोष्ट तिच्या आजीने सांगितली होती. गोष्ट तीच, पण ऐकणारी लेकरं तशी राहिली नाहीत, ते मला लिहायचे आहे.

आजी म्हणते, तिच्या लहानपणी सगळी लेकरं चिमणीच्या बाजूची असत. कावळा भिजला की हसायची. चिमणी म्हणजे संसारी बाई. एकटीने लेकराचं करायचं, चूल बघायची, मग दार. शिवाय कावळा चिमणीची अंडी अन् पिल्लं उचलून नेतो, हे तेव्हाच्या लेकरांनी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. आजीचं घर माळवदाचं. तुळयांच्या फटीत चिमण्यांची घरटी, अन् अंगणात कावळा टपून बसलेला. "तान्हं लेकरू असलेल्या बाईनं पटकन दार उघडावं का, सांग बरं?" असं ती मलाच विचारते. मला हे पटते. पुस्तकात मात्र हे कारण मी कुठे वाचले नाही.

माझा धाकटा भाऊ दुसरीत आहे. त्याला हे मुळीच पटत नाही. त्याला कारण आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, ती सर्वांना आठवत असेल. आपल्या परभणी जिल्ह्यातही शेतं पाण्याखाली गेली, सोयाबीन काळं पडलं. एका रात्री आमच्या गल्लीतल्या एका घराची मातीची भिंत बसली. त्या घरची पाच माणसं भिजत आमच्या दारी आली. माय भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातांनीच उठली आणि कडी काढली. पुढे अकरा दिवस दोन खोल्यांत आम्ही दहा जण राहिलो. भांडणंही झाली, खोटं कशाला लिहू? पण त्यानंतर आजीने गोष्ट सांगितली की भाऊ मध्येच विचारतो, "चिमणीनं दार कामून नाही उघडलं? मायनं तर लगेच उघडलं."

त्याच्यासाठी आजीने गोष्टच बदलली. आता चिमणी पहिल्या हाकेला दार उघडते आणि कावळ्याला गरम भाकर देते. गोष्ट बरीच आखूड झाली आहे.

मी गुरुजींना विचारले, अशी गोष्ट बदललेली चालते का? गुरुजी म्हणाले, ही गोष्ट सातशे वर्षांहून जुनी आहे. म्हाइंभटांनी लिहिलेल्या लीळाचरित्रात ती आहे. चक्रधरस्वामींनी ती सांगितली. स्वामी पैठणला राहिले होते, म्हणजे आपल्याच गोदावरीच्या काठी. पण त्यात कावळ्यासमोर चिमणी नाही, साळै नावाची पाखरीण आहे. म्हणजे बदल पूर्वीपासून होत आले. इसापनीतीत गोष्टीखाली तात्पर्य छापलेले असते, म्हणून कोणाची बाजू घ्यायची ते आयतेच कळते. आपल्या गोष्टीखाली तात्पर्य नाही. त्यामुळे ज्याने त्याने आपापले काढावे.

ज्या घराची भिंत पडली, तिथली मुलगी माझ्याच वर्गात आहे. मला वाटले, तिला नवी गोष्ट आवडेल. ती म्हणाली, "तुमच्याकडं येण्याआधी आमी दोन दारं वाजवली होती. गोष्ट हाय तशीच राहू द्या." मी आजीला हे सांगितले. आजी बराच वेळ काही बोलली नाही. आता ती भावाला नवी गोष्ट सांगते आणि आम्हाला जुनी.

इकडे खरी चिमणीच बेघर होत चालली आहे. माळवदं पाडून स्लॅबची घरं झाली, त्यांत फट कुठली? नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिवस पाळतात. या वर्षी आम्हीही शाळेच्या व्हरांड्यात खोक्यांची घरटी टांगली. भोक सव्वा इंचाचे ठेवले, म्हणजे चिमणी आत जाते, कावळा जात नाही. एका खोक्यात जोडी आली आहे. कावळा समोरच्या लिंबावर बसून बघत असतो, आणि गोष्टीत कावळ्याचा कैवार घेणारा माझा भाऊ मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्याला हाकलायला पळतो.