पालथा पत्ता

सावंतवाडीहून दशावतारी गंजिफांचा संच भिंगारला आमच्या हाती आला, तेव्हा आम्ही प्रथम केली ती किमतीची कुरकुर. छापील पत्त्यांचा जोड किरकोळ पैशांत मिळतो. मग या गोल पत्त्यांना एवढे मोल का? तो आणून देणारे आमचे संग्राहक स्नेही म्हणाले, "मोजा." दहा अवतार, प्रत्येकाचे 12 पत्ते : राजा, प्रधान आणि एक ते दहा. म्हणजे 120 वेळा हाताने रंगवणे, वर रोगण. 1970च्या दशकात शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला सावरली, म्हणून तर ती उरली.

मोजताना नृसिंहाच्या एका पत्त्यावरची रेषा हललेली दिसली. आम्ही दोष दाखवला. स्नेह्यांनी पत्ता पालथा घातला. पाठी साऱ्या सारख्या. "चुकायचे नाही ते इथे. पाठीवरून पत्ता ओळखू आला, की खेळ संपला."

आम्हांला तासिका तत्त्वावरची आमची वर्षे आठवली. वर्गातला तास मोजला जाई, त्यामागची रात्र नव्हे. चिताऱ्याची तीच रात्र आम्ही हिशेबातून वगळली होती. घासाघीस करून अडवलेली रक्कम आम्ही मुकाट्याने स्नेह्यांच्या हाती ठेवली.