बेडरूममधली गिरणी

ऑफिसात सपोर्टवाल्यांना खऱ्या सर्व्हरला हात लावू देतं कोण? म्हणून मी लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड उचलला: डेलचा पॉवरएज आर७२०, मॉडेल २०१२चं, रॅम तब्बल १२८ जीबी, आणि पडला बऱ्या लॅपटॉपपेक्षा स्वस्त. का स्वस्त, ते बटण दाबल्यावर कळतं. पंखे असे सुटतात की आई किचनमधून ओरडली, ‘अगं, घरात गिरणी टाकलीस का?’ तुम्ही घेणार असाल तर दुकानातच चालू करून ऐका बुवा!

आणि लाइट बिल! माझा हा पठ्ठ्या नुसता बसून दीडशे वॉट खातो. चोवीस तास ठेवला तर महिन्याला १०८ युनिट, म्हणजे महावितरणचा १०० युनिटांचा पहिला स्लॅब एकटाच फस्त करणार. सो, रात्री ९ ते ११. बस्स.

व्हीएमवेअरचं फुकट ईएसएक्सआय फेब्रुवारी २०२४मध्ये बंद झालं. एप्रिल २०२५मध्ये परत आलं, पण तोवर मी प्रॉक्समॉक्सवर रमले होते. त्यावर एक डोमेन कंट्रोलर आहे. तो मी मुद्दाम पाडते आणि बॅकअपवरून पुन्हा उभा करते. पहिल्यांदा तीन रात्री गेल्या, आता चाळीस मिनिटं.

पुढच्या महिन्यात अ‍ॅडमिनच्या जागेसाठी इंटरव्ह्यू आहे. ‘रिस्टोअर केलंय कधी?’ असं विचारू देत फक्त!