पोर्थकर्नो : मुंबईची तार जिथे किनाऱ्याला लागली

इंग्लंडच्या नकाशावर नैर्ऋत्येला जमिनीचं एक निमुळतं टोक समुद्रात घुसलेलं दिसतं, ते कॉर्नवॉल. त्या टोकाच्याही टोकाला, लँड्स एंडपासून अवघ्या काही मैलांवर, पोर्थकर्नो नावाचं खेडं आहे. एक दरी, थोडी घरं आणि खाली पांढऱ्या वाळूचा छोटासा किनारा, एवढाच त्याचा पसारा. लोक येतात ते या किनाऱ्यासाठी आणि कड्यावरच्या मिनॅक या खुल्या नाट्यगृहासाठी. आम्ही गेलो ते तिथलं तारेचं संग्रहालय बघायला. माझे सासरे तार खात्यातून निवृत्त झालेले आणि मुंबईला इंग्लंडशी जोडणारी समुद्रातली तार १८७० साली याच वाळूतून वर आली होती.

गेल्या वर्षी जूनमध्ये सासू-सासरे आमच्याकडे रेडिंगला आले होते. पेन्झान्सची गाडी पॅडिंग्टनहून निघून रेडिंगला थांबते, त्यामुळे लंडनला जायची गरज नाही. डॉलिशपाशी रूळ अगदी समुद्राला खेटून जातात. आई खिडकीशी बसून ‘कोकण रेल्वेला एवढा समुद्र नाही हो दिसत’ म्हणत होत्या. पुढे सॉल्टॅशला टेमर नदीवरचा लोखंडी पूल लागतो. त्यावर मोठ्या अक्षरांत ब्रुनेलचं नाव आणि १८५९ हे साल आहे. हा ब्रुनेल आपल्या गोष्टीतलाही माणूस आहे. त्याने आखलेली ‘ग्रेट ईस्टर्न’ ही तेव्हाची जगातली सर्वांत मोठी आगबोट प्रवासी वाहतुकीत तोट्यात गेली. पण हजारो मैल केबल एका वेळी पोटात घेईल अशी दुसरी बोटच नव्हती. १८७० च्या फेब्रुवारीत तिने मुंबईहून एडनकडे केबल टाकत नेली. उन्हाने केबलवरचं आवरण मऊ पडू नये म्हणून सबंध बोट पांढरी रंगवली होती.

हे आवरण गटापर्चाचं. मलाय भागातल्या झाडांच्या चिकाचा हा पदार्थ थंड पाण्यात टिकतो आणि वीज बाहेर जाऊ देत नाही. मध्ये तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा आणि बाहेरून लोखंडी तारांचं चिलखत. संग्रहालयात केबलचे कापलेले तुकडे ठेवले आहेत. काही मनगटाएवढे जाड, काही अंगठ्याएवढे. किनाऱ्याजवळ लाटा आणि नांगरांचा त्रास, म्हणून तिथे जाड केबल. खोल समुद्रात तिला त्रास द्यायला कुणी नाही, म्हणून तिथे बारीक.

पोर्थकर्नोची निवडही नांगरांमुळेच झाली. केबल आधी फॅल्मथ बंदरात आणायचं ठरलं होतं. पण तिथे जहाजांची वर्दळ फार, एखाद्याचा नांगर अडकला की केबल तुटायची. म्हणून कुणी फिरकत नाही असा हा किनारा शोधला. इथून केबल पोर्तुगाल, जिब्राल्टर, माल्टा करत अलेक्झांड्रियाला, तिथून जमिनीवरून सुएझला आणि मग पुन्हा पाण्याखालून एडनमार्गे मुंबईला. आगबोटीने पत्राला तीन-चार आठवडे लागायचे. खुष्कीच्या मार्गाने तारा १८६५ पासून जात होत्या, पण त्या वाटेत रेंगाळत आणि मजकुराचा पार चोथा होऊन पोचत. आता मुंबईचा निरोप मिनिटांत येऊ लागला. पुढे केबली वाढत गेल्या आणि हे खेडं जगातल्या सर्वांत मोठ्या तार-केंद्रांपैकी एक झालं.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने कॉर्नवॉलच्या खाणकामगारांना लावून इथल्या ग्रॅनाइटमध्ये बोगदे खणले आणि सगळी यंत्रं आत हलवली. संग्रहालयाचा एक भाग त्या बोगद्यांत आहे. जाड दार ओलांडून आत गेलं की जूनमध्येही अंगावर शहारा येतो.

बाबांनी नोकरीची सुरुवात मुंबईला फ्लोरा फाउंटनच्या तार ऑफिसात केली आणि उरलेली वर्षं साताऱ्यात काढली. ‘कट्ट-कडकट्ट’ त्यांना अजून झोपेत कळतं, असं आई म्हणतात. पण इथलं यंत्र बघून ते गोंधळले, कारण ते वाजतच नव्हतं. समुद्राखालून आलेली वीज इतकी क्षीण असे की तिच्याने साउंडर हलायचा नाही. म्हणून विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, सायफन रेकॉर्डर बनवला. त्यात एक केसासारखी काचेची नळी कागदाच्या सरकत्या पट्टीवर शाईची नागमोडी रेघ काढत जाते. रेघ एका बाजूला वळली की डॉट, दुसऱ्या बाजूला वळली की डॅश. बाबांनी चष्मा पुसला, पट्टी डोळ्यांजवळ धरली आणि दोन-तीन मिनिटांत अक्षरं लावायला लागले. यंत्र दाखवणाऱ्या बाईंनी त्यांना खुर्ची आणून दिली.

सुरुवातीच्या काळात तार मुंबईहून इथे थेट येत नसे. वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर एक कारकून ती उतरवून घेई आणि पुढे वाजवी. म्हणजे मजकूर वाटेतल्या कारकुनांना कळायचाच. शिवाय पैसे शब्दावर. म्हणून व्यापाऱ्यांनी सांकेतिक शब्दांची जाडजूड पुस्तकंच काढली. एका शब्दात कापसाचा भाव, जहाजाचं नाव आणि सौद्याची अट. सरकार, पेढ्या आणि वर्तमानपत्रं यांचीच ही तार होती. साध्या माणसाला ती परवडत नसे, त्याच्या वाट्याला आगबोटीची डाकच.

एका नकाशापाशी बाबा एकदम ‘अगं, दौंड!’ म्हणाले. १९२७ मध्ये मार्कोनीच्या बिनतारी यंत्रणेने भारत-इंग्लंड सेवा सुरू झाली, तिचं प्रक्षेपण पुण्याजवळ खडकीहून होई आणि इंग्लंडचे संदेश दौंडला उतरत. केबलपेक्षा ते बरंच स्वस्त पडे. त्या धक्क्याने केबल कंपन्यांना बिनतारीशी एकत्र यावं लागलं आणि त्यातूनच पुढची केबल अँड वायरलेस झाली. दौंडला गाडी बदलताना चहा प्यायलेल्या आपल्या माणसांना हे कुठे ठाऊक असतं!

बाबांकडून मला आणखी एक गोष्ट कळली. आपल्या तार खात्यात शुभेच्छांची वाक्यं ठरलेली होती आणि त्यांना क्रमांक होते. दिवाळीच्या शुभेच्छा म्हणजे क्रमांक एक. पाठवणारा फक्त आकडा देई, पलीकडचा कारकून पूर्ण वाक्य लिहून काढी. ‘दिवाळीच्या आठवड्यात आम्ही नुसतं एक, एक, एक वाजवायचो,’ बाबा म्हणाले. व्हॉट्सॲपवरच्या तयार पणत्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुसरी ठरलेली तार शुभेच्छांची नव्हती. ‘आई सीरियस, ताबडतोब निघा.’ मृत्यूची तार बाकीच्यांच्या आधी पाठवायची असा नियम होता, पण कित्येक घरं ‘वारली’ असं लिहीतच नसत. प्रवासात माणूस कोसळू नये म्हणून ‘सीरियस’. वाचणाऱ्यालाही ते कळायचं, तरी तो आशा बांधून गाडीत बसायचा. बातमी वेगाने पोचवायची सोय झाल्यावरही लोकांनी तिच्यात थोडी जागा राखून ठेवली होती.

किनाऱ्यावर आई काठी बाजूला ठेवून बाकावर बसल्या होत्या. तिथे हा विषय निघणारच होता. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आई अंगणात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. आम्हाला कळलं अकराव्या दिवशी. मधले दहा दिवस रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल होत होता. पहिले काही दिवस ‘ती देवळात गेलीय’, ‘ती झोपलीय’. नंतर आई दिसल्या, अंगावर शाल आणि चेहरा इतका जवळ की मागचं काही दिसू नये. शेवटी मागून कुणीतरी ‘आजी, बीपी बघायचंय’ म्हणालं, तेव्हा उलगडा झाला. माझा नवरा दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

‘बाबा, रोज बोलत होतो आपण. एकदाही सांगावंसं नाही वाटलं?’ मी विचारलं.

‘अडतीस वर्षं लोकांच्या वाईट बातम्या पोचवल्या गं. घरची द्यायची वेळ आली तेव्हा हात चालला नाही.’

‘हात कसला,’ आई म्हणाल्या, ‘मीच नको म्हणाले. हा तिकडून रजा टाकून धावत आला असता.’

‘कदाचित आला असता, कदाचित नसता,’ मी म्हणाले. ‘पण यायचं की नाही, हे त्याला ठरवू द्यायला हवं होतं.’

बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘बरोबर आहे. तार दाबून ठेवायचा अधिकार आम्हाला नव्हता.’

परदेशात राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात असं काही घडलेलं असतं. आपण समजतो की रोज चेहरा दिसतो, म्हणजे सगळं कळतं. कॅमेरा मात्र धरणारा दाखवेल तेवढंच दाखवतो. पत्राच्या काळात न कळण्याचा दोष अंतराला देता येत होता. आता तो अंतराला देता येत नाही, म्हणून तो जास्त लागतो.

त्याच बाकावर सौदा ठरला. जे घडेल ते त्याच दिवशी सांगायचं. यायचं की नाही ते नंतर. ‘मग तुमच्याकडचंही त्याच दिवशी कळलं पाहिजे,’ असं आईंनी आमच्याकडून कबूल करून घेतलं.

पोर्थकर्नोचं तार-केंद्र १९७० मध्ये बंद झालं. पण १९९७ मध्ये फ्लॅग नावाची सुमारे २८,००० किलोमीटरची प्रकाशतंतूंची केबल याच किनाऱ्यावरून निघाली. तीही अलेक्झांड्रिया, सुएझ आणि मुंबई करत पुढे जपानला जाते. आपले कॉल उपग्रहावरून जातात असं पुष्कळांना वाटतं, पण खंडाखंडांमधली जवळजवळ सगळी ये-जा अजूनही समुद्राच्या तळातूनच होते.

जाणार असाल तर पेन्झान्सहून बस मिळते, रस्ते मात्र अरुंद आहेत. बोगद्यासाठी स्वेटर घ्या. किनाऱ्यावर उतरायची वाट वाळूची आहे, काठी टेकणाऱ्यांना हाताला धरून न्या.

या ऑगस्टमध्ये बाबांना छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं. आमचा फोन त्याच संध्याकाळी वाजला. पलीकडून बाबाच बोलत होते, अजून शब्दाला पैसे पडत असल्यासारखे : ‘हृदयाचं दुखणं. आज दाखल झालो. शुद्धीवर आहे. पुढचं तुम्ही ठरवा.’

आम्ही तिसऱ्या दिवशी साताऱ्यात होतो. बाबा आता बरे आहेत.