एक फुसका बार

मुलगा अमेरिकेत असला की आईबापांना एका प्रश्नाचं उत्तर पाठ करून ठेवावं लागतं : "तिथे तो काय करतो?" मी 'कॉम्प्युटर' एवढंच सांगतो आणि विषय पावसाकडे नेतो. विचारणाऱ्यालाही बहुधा तेवढंच हवं असतं. पण 2022 च्या जून महिन्यात आम्ही उभयता सॉल्ट लेक सिटीला गेलो, आणि तिसऱ्याच रात्री जेवणं आटोपल्यावर चिरंजीव मांडी घालून हरणाच्या कातड्याची विजार शिवत बसलेले दिसले. माझ्या छातीत धस्स झालं. नोकरी गेली, आणि पोरगा आमच्यापासून लपवतो आहे!

सौ.नं वेगळा विचार केला. "अरे, आधी कळवलं असतंस तर येताना दोन पँटी आणल्या असत्या की रे!"

"विकतची चालत नाही, आई. मशीनची शिवण दिसली की लोक हसतात," सुईवरची नजर न काढता चिरंजीव म्हणाले. "शनिवारी आपल्याला 1840 सालात जायचंय."

"त्याला वेगळा व्हिसा लागतो का?" मी विचारलं. अमेरिकन वकिलातीच्या रांगेत एकदा उभ्या राहिलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

मग सगळा उलगडा झाला. त्याचं असं आहे, की एके काळी तिथल्या रॉकी पर्वतात बीव्हर नावाच्या प्राण्याची शिकार करणारे लोक राहत. बीव्हर हा नदीनाल्यांवर धरणं बांधणारा गरीब प्राणी. पण त्याच्या लोकरीच्या उंच टोप्या साहेबलोकांना फार आवडत, म्हणून त्याच्यावर ही पाळी. हे शिकारी वर्षभर डोंगरात भटकायचे आणि उन्हाळ्यात एका ठिकाणी जमायचे. 1825 साली, म्हणजे आपली पेशवाई बुडून सात वर्षं झाली तेव्हा, विल्यम अ‍ॅश्ली नावाच्या व्यापाऱ्यानं असा पहिला मेळावा भरवला. त्याला म्हणायचं 'राँदेव्हू'. व्यापाऱ्यांनी सेंट लुईसहून कॉफी, साखर, शिसं, कापड आणि दारू आणायची, आणि शिकाऱ्यांनी वर्षाची कातडी त्यांच्या पुढ्यात टाकायची. दारू आपल्या दोन्ही अर्थांनी बरं का! बंदुकीत घालायची आणि घशात घालायची. दुसऱ्या प्रकारच्या पायी बरेच शिकारी आले तसेच रिकाम्या खिशानं डोंगरात परतायचे. पुढे बीव्हरही कमी झाले, आणि साहेबानं लोकर टाकून रेशमी टोपी डोक्यावर घेतली. 1840 साली शेवटचा मेळावा झाला. टोपी फिरवली की काय होतं, ते आपल्याकडे राजकारणात दिसतं. तिथे ते डोंगरात दिसलं.

आता तीच जत्रा हौशी लोक पुन्हा भरवतात. वायोमिंगमधल्या फोर्ट ब्रिजरला सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला जोडून फार मोठी भरते. चिरंजिवांची जत्रा लहान, चाळीस-पन्नास तंबूंची. नियम मात्र सगळीकडे साधारण तोच : 1840 नंतरची वस्तू डोळ्यांना दिसता कामा नये.

यातला 'डोळ्यांना दिसता' हा भाग महत्त्वाचा. बर्फाची प्लॅस्टिकची पेटी चालते, पण तिच्यावर घोंगडं हवं. घड्याळ चालतं, पण अंगरख्याच्या आत. थेट आमच्या आजीचं सोवळं! तिला हॉटेलातला चहा चालत नसे, पण तो घरी आणून तांब्याच्या भांड्यात ओतला की चाले. मला वाटायचं, सोवळं आपल्याबरोबरच संपलं. छे! ते फक्त रॉकी पर्वतात बदलून गेलं होतं.

आता प्रश्न आमच्या कपड्यांचा. सौ.चा प्रश्न तिनंच सोडवला. तिनं पेटीतून नऊवारी काढलं आणि म्हणाली, "हे 1840 च्या आधीचं आहे. मी नव्हे, नेसणं." माझ्यासाठी धोतर, बाराबंदी आणि उपरणं जमवण्यात आलं. पण तेवढ्यानं भागेना. तिथे प्रत्येकाला आपण त्या काळातले कोण, ते सांगता यावं लागतं. पेण-पनवेलच्या वेषातला माणूस रॉकी पर्वतात पोचला कसा?

इथे माझी बत्तीस वर्षांची कारकुनी उपयोगी पडली. बंदुकीच्या दारूत शंभरात पंचाहत्तर भाग सोरा असतो. बाकी पंधरा कोळसा आणि दहा गंधक. त्या काळी उत्तम सोरा निघायचा तो आपल्या बिहारात, आणि कलकत्त्याहून जहाजात भरून तो अमेरिकेतल्या दारूच्या कारखान्यांपर्यंत जायचा. म्हणजे हे वीर शिकारी जो बार काढत, त्यातला मोठा भाग बिहारच्या मातीचा असण्याचा चांगलाच संभव. मी जाहीर केलं, की मी एका पेढीचा कारकून असून सोऱ्याचं थकलेलं बिल वसूल करायला कलकत्त्याहून निघालो आहे.

छावणीच्या मुखियाला 'बूशवे' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द 'बूर्झ्वा'. डोंगरातल्या हवेनं त्याचं असं झालं. आमचा बूशवे सहा फूट उंच, दाढी छातीपर्यंत, डोक्यावर कोल्ह्याची अख्खी टोपी, शेपटीसकट. त्यानं माझी हकीकत गंभीरपणे ऐकली, हात पुढे केला आणि म्हणाला, "बिल किती झालं?"

"व्याजासकट सांगू?" मी म्हटलं.

तिथून माझा प्रवेश पक्का झाला. सौ.चा तर सत्कारच व्हायचा राहिला. ज्या बायकांनी सहा-सहा महिने हातानं टाके घालून झगे शिवले होते, त्या तिच्याभोवती जमल्या. एकही टाका न घालता नऊ वार कापडाचा असा पोशाख होतो, हे त्यांना पटेना. संध्याकाळपर्यंत तिनं दोघींना कासोटा शिकवला. माझ्या जाड काळ्या चष्म्याकडे मात्र एक-दोघांनी दुःखानं पाहिलं. पण चष्मा काढला तर मी थेट कुणाच्या तरी शेकोटीत जाईन, हे पटवल्यावर सवलत मिळाली. दुसरी सवलत होती झाडांमागे उभ्या केलेल्या निळ्या संडासांना. इतिहासावर प्रेम असावं, पण त्यालाही मर्यादा आहे.

छावणीत खऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. ज्याची जी फजिती झाली असेल, ते त्याचं नाव. एकाची दाढी शेकोटीत अर्धी जळाली, तो 'अर्धी दाढी'. आमच्या चिरंजिवांना सगळे 'कोरडी गोळी' म्हणत होते. पहिल्याच स्पर्धेत त्यांनी नळीत दारू घालायच्या आधी गोळी ठासली होती. ती मग तिथून निघता निघेना. दोन पदव्या घेतलेला माणूस, पण त्या माळावर त्याची ओळख तेवढीच. मला फार बरं वाटलं.

दुपारी त्यानं घोंगडीतून बंदूक काढली. लांबलचक नळी, अक्रोडाचा दस्ता, घोड्याच्या तोंडात चकमकीचा तुकडा.

"हिला मझल-लोडर म्हणतात, बाबा. म्हणजे..."

"ठासणीची बंदूक," मी म्हणालो.

हा शब्द माझ्या तोंडून एकतीस वर्षांनी बाहेर पडला असेल. आम्ही दोघंही जरा गप्प झालो.

आमच्या कोकणातल्या घरी माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्या होत्या, आणि त्यांवर आडवी अशी एक बंदूक. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. परवाना शेतीच्या राखणीचा. रानडुकरं भातात उतरली, वानरं माडावर चढली, की अण्णा अंगणात उभे राहून बार काढायचे. बहुतेक वेळा नुसत्या दारूचा, आत गोळी नसायची. अण्णांच्या हातून उभ्या आयुष्यात एकही डुक्कर मेल्याचं मला आठवत नाही. पण आवाज असा, की डुकरांनी चार दिवस पलीकडच्या वाडीत मुक्काम करावा. सुट्टीत गेलं की चिरंजीव अण्णांच्या मागे-मागे. दारूचं शिंग धरायचा मान त्यांचा.

निवडणूक आली की अशा बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. 1991 च्या निवडणुकीत अण्णांनी नेमानं नेऊन दिली. मतदान झालं, सरकार आलं, पाऊस आला, आणि त्या पावसात अण्णा गेले. दिवसकार्य झाल्यावर आठ वर्षांचे चिरंजीव त्या रिकाम्या खुंट्यांकडे बघून म्हणाले, "बाबा, बंदूक आणायला कधी जायचं?"

"पुढच्या महिन्यात," मी म्हणालो.

परवाना माझ्या नावावर करून घ्यायला हवा होता. अर्ज, दाखले, तालुक्याला दोन-तीन फेऱ्या. जन्मभर मी दुसऱ्यांचे अर्ज निकालात काढले. हा एक काही माझ्या हातून झाला नाही. ठाण्याच्या बिऱ्हाडात बंदूक ठेवणार कुठे, असंही एक कारण मी तयार ठेवलं होतं. चिरंजिवांनी आणखी दोन-तीनदा विचारलं, आणि मग विचारायचं सोडलं. मुलांनी विचारायचं सोडलं, की आपण समजतो प्रश्न मिटला.

"काढता का एक बार?" चिरंजीव म्हणाले.

मी नको म्हणण्याआधीच माणसं जमली. कारकून बार काढतोय म्हटल्यावर कोण सोडतो? चिरंजिवांनी नळीत गज घालून ती रिकामी असल्याची खात्री केली. मग मापानं दारू ओतली, चरबी लावलेल्या चिंधीच्या तुकड्यात शिशाची गोळी धरली आणि गजानं तळापर्यंत ठासली. कानाच्या पेल्यात चिमूटभर रंजक टाकली. समोर पन्नास पावलांवर दोरीला लोखंडी तवे टांगलेले होते. मी मधल्या तव्यावर नेम धरला, अण्णांचं नाव घेतलं आणि चाप ओढला.

चकमक पडली, ठिणग्या उडाल्या, माझ्या नाकासमोर भक्कन जाळ झाला. आणि काही नाही. वरची रंजक तेवढी जळाली. आतल्या दारूला पत्ताच नाही.

"फुसका बार!" सौ. मागून मराठीत म्हणाली. त्या माळावर भाषांतराची कुणालाच गरज पडली नाही.

"हलू नका! नळी समोरच ठेवा," चिरंजीव माझा खांदा धरून म्हणाले. अशा वेळी बार उशिरानंही उडू शकतो, म्हणून मिनिटभर तसंच उभं राहायचं असतं. मी उभा राहिलो. एका मिनिटात किती वर्षं मावतात, ते तेव्हा कळलं. मग त्यांनी बारीक तारेनं भोक साफ केलं, नवी रंजक घातली. "आता."

या वेळी खांद्याला धक्का बसला, आभाळ फुटल्यासारखा आवाज झाला, आणि समोर सगळा पांढरा धूर. धुरातून 'टण्ण' असा स्पष्ट आवाज आला. टाळ्या पडल्या. धूर विरला तेव्हा दिसलं, की माझा मधला तवा अगदी स्वस्थ होता, आणि शेवटचा गरगर फिरत होता. मी शेवटच्याच तव्यावर नेम धरला होता, असं मी बूशवेला सांगितलं. त्यानं ते मान्य केलं. थकबाकीदार माणूस वाद घालत नाही.

पण माझं लक्ष तव्याकडे नव्हतं. तो वास! गंधकाचा, जळकट, दिवाळीच्या पहाटेसारखा आणि त्याहून जुना. मी चिरंजिवांकडे पाहिलं. ते डोळे मिटून उभे होते.

रात्री शेकोटीपाशी ते आपणहून बोलले. "ऑफिसातल्या एका मित्रानं मला पहिल्यांदा इथे आणलं, बाबा. म्हटलं, काय वेडे लोक आहेत! परत निघालो होतो. तेवढ्यात कुणीतरी बार काढला, आणि वारा माझ्याकडे होता. अण्णांच्या सदऱ्याला असाच वास यायचा." मग थोडं थांबून म्हणाले, "ते शिंग तरी असेल का हो घरी कुठे?"

'बघतो पुढच्या महिन्यात' हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. मी ते परत ठासले.

ऑगस्टमध्ये परतलो. विमानतळावरून घरी, घरून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं कोकणात. आयुष्यात इतक्या तडफेनं मी कुठलंच काम केलेलं नाही. माळ्यावर, अण्णांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, पंचांगांच्या गठ्ठ्याखाली शिंग सापडलं. तोंडाला लाकडी बूच तसंच. उघडून नाकाशी नेलं. वास होता. नसेलही, पण मला आला.

चिरंजिवांना फोन केला. "शिंग सापडलं. पण पोस्टानं पाठवायचं, तर आतून स्वच्छ धुवावं लागेल. दारूचं आहे ना! आणि धुतलं, तर मग पाठवायचं तरी काय? तेव्हा तूच येऊन घेऊन जा."

पलीकडे जरा वेळ शांतता होती. सौ. माझ्या तोंडाकडे बघत होती.

"येतो ना, बाबा," चिरंजीव म्हणाले. "पुढच्या महिन्यात."

मी शिंग त्या दोन खुंट्यांपैकी एकीला अडकवलं. बार काही वेळा उशिरानंही उडतो. तोवर हलायचं नाही, नळी समोरच ठेवायची.