मोठ्यांच्या हाताला काम

लातूरला शिबिराची नावनोंदणी करताना पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, इंटरमिजिएटला याचा काही फायदा?" प्रश्न रास्त आहे. कला संचालनालयाच्या या रेखाकला परीक्षेतल्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि ज्या शहराच्या नावानं अख्खा 'पॅटर्न' ओळखला जातो तिथं गुणांची किंमत मी कोण सांगणार? मी "होईल की" म्हणते आणि माझी अट पुढं करते. पहिल्या दिवशी घरातलं एक मोठं माणूस मुलाशेजारी बसलं पाहिजे. आई, बाबा, आजोबा, कुणीही चालेल. मोबाइल पिशवीत.

पालकांना वाटतं, मूल रडू नये म्हणून ही अट. तसं काही नाही. मोठा कागद दिला, हात आखडता न घेता रंग दिला आणि खांद्यावरून कुणी डोकावलं नाही, की लहान मुलं आपोआप कामाला लागतात. डोकावणाऱ्यांचं काय करायचं, यात माझं निम्मं कसब खर्च होतं.

पोळ्याच्या आधी शिबिर असलं तर सुरुवात मातीनं. आपली काळी माती कापसाला चांगली, बैल करायला वाईट. पाणी पिऊन फुगते, वाळताना आक्रसते आणि तडकते. म्हणून मांजरेच्या नाहीतर गोदावरीच्या काठचा गाळ आणायचा, चाळायचा, भिजत घालायचा, थोडी राख मिसळून पोत्यावर तुडवायचा. तयार झाला का हे बघायला एक बारीक वळी करून बोटाभोवती वळवायची. चिरली तर अजून मळायचं. एवढं झालं की गोळे वाटते. मुलानं गोळा हातात घेतला रे घेतला, की शेजारून आवाज येतो, "असं नाही रे, आण इकडं." पुढं आलेल्या त्या हातात मी दुसरा गोळा ठेवते. "बाबा, तुमचा बैल तुम्ही करा."

सुरुवातीला लाजतात. मग शेतकरी घरातली माणसं अशी रंगतात की बघत राहावं. देवणीकडचे एक आजोबा कान करण्यातच गुंग झाले होते. देवणी बैलाचे कान लोंबते हवेत, उभे चालणार नाहीत. पाठोपाठ जनावराचे प्रकार निघाले: वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाला काळं, शेवऱ्याच्या अंगभर काळे ठिपके, बालंक्या बहुतेक पांढराच. कंधारकडच्या एका गृहस्थांना हे सहन होईना. त्यांनी गेरू मागून घेतला आणि लाल कंधारी उभा केला, गर्द तांबडा, एकही ठिपका नसलेला. आता वशिंडावरून वाद. तोवर आजोबांच्या नातवानं आपल्या बैलाला पाचवा पाय लावला होता. पळताना लागतो, असं त्याचं म्हणणं. आजोबांनी वळूनही पाहिलं नाही. मला हवं होतं ते एवढंच.

मुलं एकाच गोळ्यातून चिमटीनं पाय आणि शिंगं ओढून काढतात. मोठी माणसं धड वेगळं, पाय वेगळे करून पाण्यानं चिकटवतात. सावलीत, ओल्या फडक्याखाली वाळवूनही दुसऱ्या दिवशी मोठ्यांचेच बैल लंगडे निघतात. जोडायच्या जागी ओरखडे काढून मातीची रबडी लावावी लागते, हे मी त्यांना तेव्हा सांगते. आदल्या दिवशी सांगून कुणी ऐकत नाही.

आयांची तऱ्हा निराळी. "मला कुठं येतंय चित्र," असं म्हणणाऱ्या बाईच्या चिमटीतून पट्टी न लावता सरळ ओळीत ठिपके पडत असतात. त्यांच्यापुढं मी कागद ठेवत नाही, रांगोळीच ठेवते.

देवी प्रसाद शांतिनिकेतनात शिकून सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवू लागले. 'शिक्षा का वाहन: कला' हे त्यांचं पुस्तक माझ्या पिशवीत असतं. तिकडं परदेशात कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्डनं छापील चित्रात रंग भरण्याच्या वह्यांना कडाडून विरोध केला होता. गणपतीत प्रत्येक मंडळ नेमकी तीच स्पर्धा घेतं! रेषेबाहेर रंग गेला की गुण कापले. मला परीक्षक म्हणून बोलावतात. मी आता जात नाही.

नांदेडला एकाच सतरंजीवर मराठी, दखनी, पंजाबी, तेलुगू कानावर पडते. तिथं तांड्यावरच्या एका आजीला मी सुईदोरा देऊन मधोमध बसवलं. कांचळीवरच्या आरशांना भोक नसतं, मग ते कापडावर टिकतात कसे? आधी आरशावरून दोऱ्याची उभी-आडवी चौकट ताणायची आणि मग त्या चौकटीतच टाके घेत गोल फिरायचं. ते शिकण्यात सगळ्या आया अशा गुंतल्या, की मुलांच्या चित्रांकडं कुणाचं लक्षच गेलं नाही.

लातूरचा शेवटचा दिवस मात्र गंजगोलाईचा. गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात आणि रस्त्यागणिक बाजार वेगळा: सोनं, कापड, चपला, मिरची, गूळ. मोठ्या कागदावर मधे गोल, त्यात अंबाबाईचं देऊळ, आणि प्रत्येक कुटुंबाला एक रस्ता. सराफ्यासाठी भांडणं होतात. मिरचीचा रस्ता मिळालेल्या घरानं एकदा सगळ्या माणसांना शिंकताना काढलं. बाबा मंडळी नकाशा बरोबर यावा म्हणून धडपडतात, तर मुलांची पाणीपुरीची गाडी देवळाहून मोठी. "देऊळ केवढं, गाडी केवढी, काही कळतं का?" अशी कुरकुर सुरू होते. शिबिरात खोडरबर मी ठेवतच नाही. आया पर्समधून काढतात.