गाडीवरची खडूची खूण

जुनी मोटार म्हटली की आपल्याला भंगारवाला आठवतो. माझ्यासारख्या हिशेबाच्या कारकुनाला घसारा आठवतो. आपल्या आयकराच्या नियमाने मोटारीची उरलेली किंमत दरवर्षी शेकडा १५ ने उतरवायची. सव्वातीन हजार डॉलरची गाडी या रीतीने पन्नास वर्षांनी कागदावर एक डॉलरचीही उरत नाही. पण अमेरिकेत १९७० सालची डॉज चॅलेंजर आर/टी, जिची तेव्हाची मूळ किंमत साधारण तेवढीच होती, नीट उभी करून विकायला काढली तर आज लाख डॉलरच्या पुढे मागतात. असल्या गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. आपण पैलवान गाडी म्हणू. दोनच दारे आणि पुढे साडेसात लिटरपर्यंतचे इंजिन!

माझा भाचा डेंटिंग-पेंटिंगचे काम करतो. विक्रीच्या या जाहिराती तो मोबाईलवर बघत असतो. घेण्यासाठी नव्हे, हात कसा चाललाय ते बघण्यासाठी. त्याच्या शेजारी बसून मीही पुष्कळ वाचल्या. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पत्रा खालून खाल्ला जातो. म्हणून गाडी पार सुटी करतात. सांगाडा लोखंडी दांड्यावर चढवून शेगडीवरच्या मक्याच्या कणसासारखा गोल फिरवता येतो. कुजलेला पत्रा कापून नवा जोडतात. मग हौसेप्रमाणे आतले बदलतात. जुन्या मोठ्या हेमी इंजिनाची ताकद कागदावर ४२५ घोड्यांची होती. २०१७ मध्ये कंपनीनेच ७०७ घोड्यांचे तयार इंजिन खोक्यात घालून विकण्याची घोषणा केली. सोबत डिस्क ब्रेक, सहा गिअर, एसी.

“मामा, इंजिन नवं, ब्रेक नवे, पत्राही निम्मा नवा. मग जुनं राहिलं काय?” भाच्याने विचारले.

मी म्हणालो, नंबर. समोरच्या काचेतून दिसणाऱ्या पट्टीवर तो असतो. ‘जे एस २३ आर ० बी’, आणि पुढे आकडे. जे म्हणजे चॅलेंजर, आर म्हणजे हेमी इंजिन, शून्य म्हणजे १९७०. आणि ‘बी’ म्हणजे डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रमॅक गावचा कारखाना. लोक त्याला ‘डॉज मेन’ म्हणत.

त्या एका अक्षरामागे हजारो माणसे होती, त्यांत काळे कामगार पुष्कळ. भट्टी, बॉडी शॉप, रंगाचा फवारा अशी घुसमटीची कामे बहुधा त्यांच्याच वाट्याला. २ मे १९६८ रोजी लाइनचा वेग वाढवल्यावरून कामगारांनी युनियनला न विचारता काम बंद पाडले. बंदमध्ये काळे-गोरे दोघेही होते; शिक्षेचा भार मात्र काळ्यांवर जास्त पडला. कामावरून काढलेल्यांत जनरल बेकर होते (जनरल हे त्यांचे नावच, हुद्दा नव्हे). मग काळ्या कामगारांनी ‘ड्रम’ नावाची संघटना काढली, कारखान्याच्या दारात आपले पत्रक वाटले. दीडेक वर्षात त्याच लाइनवरून पहिल्या चॅलेंजर उतरल्या. आज जाहिरातीतल्या गाडीचे सांधे त्या वेगात डागलेले आहेत.

आता गंमत बघा. तपासणारा कामगार घाईघाईत खडूने किंवा रंगाच्या फटकाऱ्याने आसावर, पत्र्यावर खूण करी: हे झाले, पुढे जाऊ द्या. गाडी जशीच्या तशी हवी असणारे शौकीन आज जुने फोटो शोधून त्या खुणा हुबेहूब काढून घेतात. रंगाचा ओघळ असेल तर ओघळसुद्धा! कुठला नट लावायचा, कुठली सीट बसवायची हे सांगणारा छापील कागद लाइनवर गाडीसोबत फिरे. तो कधी कधी सीटच्या स्प्रिंगात अडकलेला सापडतो. सापडला की गाडीचा भाव वाढतो. त्यावर भागांचे नंबर असतात, बसवणाऱ्याचे नाव नसते.

म्हणून इंजिन बदलणाऱ्यांवर शौकीन चिडतात, तेव्हा माझे मन त्यांच्या बाजूने जात नाही. चांगले ब्रेक लावून गाडी रस्त्यावर आणली तर काय बिघडले? खडूची नक्कल तेवढी जपायची आणि हात विसरायचे, हे मला खटकते.

डॉज मेन १९८० च्या जानेवारीत बंद पडला, पुढे पाडला. त्या जागेवर आणि शेजारची वस्ती उठवून दुसऱ्या कंपनीने कारखाना उभारला. तिथे आता विजेच्या गाड्यांचे काम होते.

भाच्याने मात्र एका जाहिरातीत वेगळेच दाखवले. मालकाने खर्चाची सगळी बिले फाइलला लावली होती. पत्रा ज्याने जोडला त्याच्या दुकानाचे नाव, तास, मजुरी. भाचा मजुरीचा आकडा पुन्हा पुन्हा रुपयांत करून बघत होता.