शेजारी हवा, शिखर नको

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॉली आणि तिच्या आसपासच्या गावांत, आम्ही हॅम मंडळी, म्हणजे परवाना असलेले हौशी रेडिओवाले, घराघरांतून एक डिजिटल जाळं चालवतो. त्याचं नाव टार्पन. प्रत्येकाच्या घरी रास्पबेरी पाय हा एक छोटा संगणक, त्यावर जॉन वाइजमन यांचं बीपीक्यू सॉफ्टवेअर, आणि जितके शेजारी जोडायचे तितके रेडिओ, तितके मोडेम, तितक्या अँटेना. मजकूर इंटरनेटला कुठेही न शिवता एका घरातून दुसऱ्या घरात आणि तिथून तिसऱ्या घरात हवेतून जातो. या जाळ्यात वावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. असं जाळं टिकतं की मोडतं हे ठरतं ते दोन माणसांनी मिळून सांभाळलेल्या एकेका लिंकवर. टॉवरची उंची आणि मोडेमचा वेग या गोष्टी त्यानंतरच्या.

हे मत उगाच आलेलं नाही. पॅकेट रेडिओचा, म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे करून ते हवेतून पाठवण्याचा, सारा इतिहास त्याच्या मागे आहे. 1971 साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहानेटने दाखवून दिलं की एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक संगणक पाळी न लावताही बोलू शकतात. ज्याला बोलायचं त्याने बोलावं आणि टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोलावं, एवढाच त्याचा नियम. त्याची किंमतही तेव्हाच कळली होती: अशा मोकळ्या कारभारात वाहिनीची जास्तीत जास्त 18 टक्के क्षमताच कामी येते. 1978 मध्ये कॅनडातल्या हौशी मंडळींनी पॅकेट पाठवायला सुरुवात केली, 1980 मध्ये व्हँकुव्हरच्या गटाने टीएनसी, म्हणजे पॅकेटचा मोडेम, बनवला आणि 1984 मध्ये एएक्स.25 हा नियमसंच ठरला. पुढच्या वर्षी टूसॉनच्या टॅपर संस्थेचा टीएनसी-2 आला आणि घरोघरी पॅकेट सुरू झालं. मग सगळ्यांना साहजिकच एकच गोष्ट सुचली: डोंगरावर एक डिजिपीटर, म्हणजे ऐकलेलं पॅकेट पुन्हा पाठवणारं स्टेशन, बसवावा, म्हणजे सगळा परिसर जोडला जाईल.

परिसर जोडला गेला खरा, पण त्यातच घोळ झाला. डोंगराच्या पूर्वेकडच्या स्टेशनला पश्चिमेकडचं स्टेशन ऐकू येत नाही. शिखराला मात्र दोघंही ऐकू येतात. एएक्स.25 मध्ये बोलण्याआधी कानोसा घ्यायची सोय आहे, पण जो ऐकूच येत नाही त्याचा कानोसा घेणार कसा? दोघंही वाहिनी मोकळी आहे असं समजून बोलतात आणि शिखरावर दोन्ही पॅकेट वाया जातात. डिजिपीटर जितका उंच, तितकी एकमेकांपासून लपलेली स्टेशनं जास्त, आणि तितक्या टकराही जास्त. त्यात डिजिपीटर नुसतं ऐकून पुढे ढकलतो. पोच द्यायची ती शेवटच्या स्टेशनने. समजा वाटेत चार डिजिपीटर आहेत, म्हणजे पाच टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यावर शंभरात नव्वद पॅकेट नीट पोचतात. तरी शेवटपर्यंत शंभरातली 59 पोचतील, आणि पोच परत येईपर्यंत हिशेब 35 वर येईल. प्रत्येक टप्पा इतका चांगला असूनही एकूण वाट निकामी! 1987 च्या नेट/रॉम या सॉफ्टवेअरने प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र पोच दिली. त्यामुळे टप्प्यामागे सरासरी सव्वा प्रयत्नात काम भागू लागलं, पण सगळी स्टेशनं एकाच फ्रिक्वेन्सीवर असतील तर टकरा होत्या तशाच राहिल्या.

आमच्याकडचा नियम या अनुभवावरच बेतलेला आहे. प्रत्येक लिंकला स्वतःची फ्रिक्वेन्सी आणि त्या फ्रिक्वेन्सीवर फक्त दोन स्टेशनं. तिसरं कोणी नाही, म्हणून लपलेलंही कोणी नाही. नियम वाचायला तांत्रिक वाटतो, पण त्याचा खरा परिणाम माणसांवर होतो. शिखरावरचा डिजिपीटर सगळ्यांचा असतो, म्हणून बिघडला की तो कोणाचाच नसतो. लिंक दोघांची असते, त्यामुळे बिघाड कोणाचा हे विचारावंच लागत नाही. आपल्या पडद्यावर पुन्हा पाठवलेल्या पॅकेटची संख्या चढू लागली की कारण दोन घरांपैकी एकात किंवा मधल्या झाडांत असणार. इथे पाइनची दाट झाडी आहे. पावसाने झाड ओलं झालं की 430 मेगाहर्ट्झवरचा सिग्नल ते चांगलाच खातं; 145 वरचा त्या मानाने तगून जातो. कनेक्टरवरची टेप सुटून केबलमध्ये पाणी शिरलं तर सिग्नल हळूहळू उतरत जातो. मोडेमवरची ध्वनीची पातळी थोडी जास्त झाली की आवाज फाटतो आणि कानाला ठणठणीत वाटणारं पॅकेट समोरचा मोडेम नाकारतो. ती पातळी नीट करायची तर एकाने स्क्रू फिरवायचा आणि दुसऱ्याने आपल्याकडे काय उमटतंय ते सांगायचं. हे काम एकट्याने होतच नाही.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळाने याच राज्याचा पश्चिम भाग उद्ध्वस्त केला. वीज गेली, मोबाइल गेले, तेव्हा कामी आला तो माउंट मिचेलवरचा हॅम रिपीटर, आणि ते तर मिसिसिपीच्या पूर्वेचं सर्वांत उंच शिखर. मग शिखर नको हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? माझं उत्तर असं की तो आवाजाचा रिपीटर होता. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकत असतानाच दुसरीवर बोलतो, त्यामुळे कोणीही कोणापासून लपत नाही. शिवाय नियंत्रणाला बसलेला माणूस पाळी लावून देतो. मदतीच्या हाकेला सगळ्यांनी सगळ्यांना ऐकणं हाच आधार असतो. औषधांच्या यादीचं किंवा छावणीतल्या नावांचं तसं नाही. ती एकाच ठिकाणी, अक्षरही न चुकता, पोचायला हवी. तेव्हा आवाजासाठी शिखर जरूर असावं. माझा विरोध तेच गणित डेटाला लावण्याला आहे.

दुसरा आक्षेप वेगाचा. 1200 बॉड म्हणजे सेकंदाला जेमतेम दीडशे बाइट, आणि मराठी माणसाला ते जास्तच जाणवतं, कारण युनिकोडच्या यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. एका पॅकेटमध्ये सर्वसाधारणपणे 256 बाइट मजकूर मावतो, म्हणजे मराठीची चिन्हं पंचाऐंशीच, आणि त्यात काना-मात्राही वेगळे मोजायचे. मग सरळ 9600 का नाही? तेही करून पाहण्यासारखं आहे, पण हिशेब मांडून. भरलेलं पॅकेट पत्त्यासकट सुमारे 276 बाइटचं होतं. ते जायला 1200 वर 1.84 सेकंद लागतात आणि 9600 वर 0.23. मात्र पाठवणं सुरू केल्यापासून रेडिओ स्थिर व्हायला 0.3 सेकंद लागत असतील, तर एकूण वेळ 2.14 आणि 0.53 होतो. वेग आठपट, फायदा चौपट. त्यातही 9600 ला जास्त जोरकस सिग्नल लागतो. तो नसेल तर पॅकेट पुन्हापुन्हा पाठवण्यात उरलेला फायदाही जातो. म्हणून वेग प्रत्येक लिंकपुरता ठरतो. आमच्या निनो टीएनसीवरची छोटी बटणं वरखाली केली की मोडेमचा प्रकार बदलतो. झाडीतल्या लिंकवर दोघं चुका दुरुस्त करणारा संथ प्रकार लावतात आणि मोकळ्या लिंकवर वेगाचा. सामाईक फ्रिक्वेन्सीवर मात्र सगळ्यांना सर्वांत दुबळ्या स्टेशनाच्या चालीने चालावं लागतं.

खर्चाचा आक्षेप मला मान्य आहे. तीन शेजारी म्हणजे तीन रेडिओ, तीन केबली आणि छतावर घरच्यांना न आवडणारी गर्दी. जाळं वाढतंही सावकाश, कारण मध्ये एखादं गाव असं लागतं जिथे हॅमच नाही, आणि तिथे वाट थांबते. ती पोकळी इंटरनेटने जोडायचा मोह होतो. पण तसं केलं की तो टप्पा दुरुस्त करण्याचं कौशल्य कोणाकडेच राहत नाही, आणि ज्या दिवशी इंटरनेट जाईल त्याच दिवशी जाळ्याचे दोन तुकडे होतील. इंटरनेट हाताशी असताना हा खटाटोप कशासाठी, या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. गुप्ततेत किंवा सोयीत आम्ही इंटरनेटच्या जवळपासही नाही. हॅमच्या नियमांनुसार अर्थ लपवणारा संदेश पाठवता येत नाही, त्यामुळे आमचं सगळं बोलणं कोणीही वाचू शकतो. आमच्याकडे जमतात ती आपल्या यंत्राची खोड ओळखणारी आणि शेजाऱ्याच्या यंत्राचीही ओळखणारी माणसं.

पुण्यात असं जाळं उभारायची चर्चा निघाली तर पहिला प्रस्ताव सिंहगडाचा येईल. माझा सल्ला वेगळा राहील: आधी एकमेकांना नीट ऐकू येणारी दोन घरं शोधा, त्यांच्यातली एक लिंक एक पावसाळाभर चालवा, आणि पुन्हा पाठवलेल्या पॅकेटची नोंद ठेवा. ती नोंद बघून तिसरं घर कुठे हवं ते ठरवा.